वळायला वेळ नाही, मावशी!

गेल्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले की आमच्या इंदुरात रात्री भरणाऱ्या सराफ्याच्या खाऊबाजारात हल्ली गराडूच्या तळलेल्या कंदापाशी जेवढी गर्दी, तेवढीच मोमोच्या गाडीपाशी. एवढंच एक वाक्य. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी लोणच्याची बुरशी आणि फसलेली भाजणी बाजूला ठेवली आहे. पहिलं पत्र लांब आहे, उत्तरही लांबच होणार. बाकीची आटोपती घेते.

मावशी, मी राजेंद्रनगरात राहते, ऑफिस सुपर कॉरिडॉरला. घरी पोचायला पावणेआठ होतात. नऊ वर्षांच्या मुलीचा एकच धोशा: 'आई, मोमो कर.' एका रविवारी केलेही. मैदा मळा, सारण करा, वळा, उकडा. सगळं होईस्तोवर साडेदहा वाजले आणि मुलगी सोफ्यावर झोपून गेली. सासूबाई चौऱ्याहत्तरच्या आहेत, चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. मधल्या वारी अर्ध्या तासात होईल असं मोमोच्या चवीचं काही सांगाल का? आणि कृपा करून 'अहो-जाहो' नको.
— राजेंद्रनगर, इंदूर

बरं, तर अगं, वळूच नकोस.

तुला माहीत नसेल, मी रामबागेतून बावीस वर्षं डबे दिले. शेवटची दहाएक वर्षं बहुतेक डबे भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या मुलांचे. त्यात दार्जिलिंगचा एक मुलगा होता. पोळी-भाजी मुकाट्याने खायचा, पण रविवारी डबा परत द्यायला आला की ओट्याशी उभा राहायचा. एकदा मी हौसेने मोमोचं सारण करायला घेतलं होतं. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "आंटी, ये तो सब्जी है." मी कोबी चिरला होता भाजीसारखा. त्याने सुरी घेतली आणि तोच कोबी असा चिरला की शेवटी ताटात जाडा रवा पडलाय असं वाटावं. आलं तसंच, मिरची तशीच. मग सांगितलं की खोलीवर वळायला जागा नसते, तेव्हा तो हीटरवर नूडल्स उकडतो आणि हेच सारण परतून वर घालतो. याला म्हणतात काय, मी विचारलं. "नाम कुछ नहीं, आंटी. भूख लगती है तो बना लेते हैं."

तू तेच कर. मोमोची पारी मैद्याची आणि नूडल्सही मैद्याच्याच, त्यामुळे दाताखाली हवा तो चिवटपणा नूडल्स देतात. सारण आत न भरता कढईत मोकळं परतायचं. आणि ज्या चटणीत मोमो बुडवतो, तीच पातळ करून सगळ्यावर ओतायची. तिन्ही चवी एका वाटीत येतात, फक्त वळणं वाचतं.

घरात शिरलीस की पर्स ठेवायच्या आधी मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी चढव. चार जणांना 300 ग्रॅम कोरड्या हक्का नूडल्स पुरतात, म्हणजे 150 ग्रॅमची दोन पाकिटं. पाणी तापेपर्यंत एक वाटी सोयाचा चुरा गरम पाण्यात चिमूटभर मीठ घालून भिजत टाक. पाच मिनिटांनी घट्ट पिळ, पुन्हा साधं पाणी घाल, पुन्हा पिळ. हा दुसरा पिळा चुकवू नकोस, सोयाचा उग्र वास त्यातच जातो. मालव्यात राहून सोयाबीनला नावं ठेवायची सोय नाही. आपल्या खंडवा रोडवर देशाची सोयाबीन संशोधन संस्था आहे, आणि आजूबाजूच्या गावांत चार पिढ्यांची ज्वारी काढून लोकांनी सोयाबीन पेरलं. पण चुरा म्हणजे तेल काढून घेतल्यावर उरलेल्या पेंडीचं पीठ, यंत्रातून फुलवलेलं. त्यात स्निग्धता जवळजवळ नसते. म्हणून हात आखडून तेल घातलंस तर भुसा खाल्ल्यासारखं लागेल. पनीर कुस्करून घातलंस तरी चालेल, आणि घरी चालत असेल तर चिकन खिमा सगळ्यात उत्तम. पण मंगळवारी रात्री आठ वाजता घरात असतो तो सोयाच.

आता चिरणं. पाव किलो कोबी, एक गाजर, दीड इंच आलं, दोन हिरव्या मिरच्या. सगळं बारीक, भाजीच्या निम्म्याहून बारीक. चॉपर असेल तर खुशाल वापर, पण झटके देत फिरव. सलग फिरवलंस तर कोबीचा चोथा होतो आणि पाणी तिथेच सुटतं.

मोठी लोखंडी कढई कडक तापव. तीन मोठे चमचे तेल, आधी आलं-मिरची, लगेच कोबी-गाजर आणि सोया. मीठ घालायचं नाही! मोमो वळताना कोबीला मीठ लावून पिळून काढतात, नाहीतर पाण्याने पारी फाटते. इथे पारी नाही, पिळायला वेळ नाही, त्यामुळे मीठच उशिरा. कोबी पडल्यावर कढई 'चर्र' करते, मग पाणी सुटलं की आवाज बसतो, नुसतं खदखदतं. थांब. पाणी आटलं की तो कोरडा चरचराट परत येईल. तो आला की सारण कढईभर पसरव आणि दोन मिनिटं हात लावू नकोस. हो, हात बांधून उभी राहा. तळाला खमंग तपकिरी पापडी धरते ती सराट्याने खरवडून उलटव, पुन्हा एक मिनिट. चिनी लोक हेच मोमो एका बाजूने तव्यावर भाजून खातात. जपानात त्याला ग्योझा म्हणतात, आणि तिथे तो घरोघरी गेला 1945 नंतर, मांचुरियातून परतलेल्या लोकांमुळे. त्या भाजलेल्या तळाची चव आपल्याला वळल्याशिवाय मिळवायची आहे, ती या दोन मिनिटांत मिळते. बहुतेकींची वाटी इथेच फसते, कारण आपल्याला ढवळायची सवय.

या टप्प्यावर सासूबाईंचा वाटा काढून ठेव. अजून कांदा-लसूण पडलेला नाही. मग फोडणीच्या कढल्यात दोन चमचे तेलात आठ पाकळ्या लसूण आणि पातीच्या कांद्याचा पांढरा भाग लालसर करून, ताटात काढलेल्या उरलेल्या सारणावर ओत. लसूण आधीपासून कढईत असता तर कोबीच्या वाफेत शिजून मऊ पडला असता, हा वरून पडलेला कुरकुरीत राहतो. म्हणजे चातुर्मासाने आपलं भलंच केलं. माझ्याकडे आता बारा महिने असंच होतं.

सॉस वाटीत कालव: तीन मोठे चमचे सोया सॉस, दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक लहान चमचा गूळ, दोन मोठे चमचे भाजून भरड कुटलेले तीळ, झेपेल तितकं मिरचीचं तेल. मुलीसाठी मिरचीचं तेल वेगळं ठेव. व्हिनेगर नसेल तर लिंबू, पण ते गॅस बंद केल्यावर. सोया सॉस खारटच असतो, म्हणून चाखल्याशिवाय मिठाच्या डब्याला हात लावू नकोस.

नूडल्स पाकिटावर लिहिल्यापेक्षा एक मिनिट आधी उतरव. निथळायच्या आधी ते पांढुरकं पाणी वाटीभर काढून घे. गरम नूडल्स, सॉस आणि अर्धी वाटी ते पाणी कढईत एक मिनिट खालीवर कर. सॉस नूडल्सना चिकटून चकाकायला लागतो. सासूबाईंच्या नूडल्स उकडायच्या आधीच हाताने मोडून घाल, लांब दोरे ओढत बसणं त्या वयात नको वाटतं. वाटीत नूडल्स, वर सारण, वर पातीचा हिरवा भाग (सासूबाईंच्या वाटीत तो नको). सारण नूडल्समध्ये कालवायचं नाही. कालवलंस की ते गाडीवरचं चाऊमीन झालं.

पहिल्यांदा पस्तीस-चाळीस मिनिटं लागतील. तिसऱ्यांदा पंचवीस.

मावशी, घरी नूडल्स केल्या की हमखास लगदा होतो. गाडीवाल्याच्या मोकळ्या कशा? तो म्हणे गार पाण्याने धुतो. मीही धुते, तरी गोळाच.
— सुदामानगर, इंदूर

तुमचं दुःख मला कळतं. एकदा मी चौदा डब्यांत नूडल्स भरल्या होत्या, बुधवारचा बदल म्हणून. दुपारी एका मुलाने डबा परत आणला आणि माझ्यासमोर उलटा केला. डब्याच्या आकाराची वडी बाहेर पडली, अख्खी. तो हसत होता, मी नव्हते.

गाडीवाला दुपारी उकडतो आणि रात्री विकतो. म्हणून त्याला धुवावंच लागतं, वरचा पिठाळपणा गेला नाही तर संध्याकाळपर्यंत सगळं एकमेकांना चिकटेल. धुतल्यावर तो तेलाचा हात लावून परातीत पसरून ठेवतो. तुम्ही बहुधा धुता आणि चाळणीतच ढीग करून ठेवता. तिथे गोळा होणारच. उकडून लगेच खायचं असेल तर धुऊच नका, तो पिठाळपणाच सॉस धरून ठेवतो. आणि पातेलं मोठं घ्या. दोन पाकिटं लिटरभर पाण्यात कोंबली तर शिजण्याआधीच खळ होते.

मोमोच्या पदार्थांत तिळाचं तेल वाचलं म्हणून चांगलं घाण्याचं आणलं. काहीच वास नाही. फसवणूक झाली का?
— ग्वाल्हेर

नाही. तेल चांगलंच आहे, फक्त ते आपलं आहे. चीन-जपानकडे वासासाठी वापरतात ते तेल तीळ खरपूस भाजून मग काढलेलं असतं, गडद तपकिरी. चमचाभर वरून घालायचं, त्यात फोडणी करायची नाही. आपल्याकडे तीळ कच्चेच घाण्याला जातात, त्यामुळे तेल फिकं आणि सौम्य.

पण त्या बाटलीसाठी पैसे मोडायची गरज नाही. तीळ मंद आचेवर तडतडून बदामी होईपर्यंत भाजा आणि गरम असतानाच खलबत्त्यात भरड कुटा. रविवारी मी एकदाच करून ठेवते: जाडसर कुटलेली लाल मिरची तीन चमचे, भाजलेले तीळ दोन चमचे आणि थोडं मीठ, सगळं कोरड्या स्टीलच्या भांड्यात. निमाडची मिरची मिळाली तर बघायलाच नको. खरगोनकडे बेडियाच्या मंडीत हंगामात लाल ढीग लागलेले असतात, रंगही सुरेख येतो. अर्धी वाटी तुमचं ते घाण्याचं तेल तापवा, गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा. मग एक तीळ टाकून बघा. तो नुसता फसफसला तर ओता, काळा पडला तर अजून थांबा. मिरची करपली की कडवट होते, आणि त्यावर इलाज नाही. गार झालं की काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये. आठवडा-दोन आठवडे वरणभातावरसुद्धा जातं.

आदरणीय संपादक, आपल्या मासिकातील पाककृतीच्या पानावर चिनी पदार्थांचे कौतुक वाचून खेद झाला. इंदूरच्या मराठी घरांत अजून थालीपीठ आणि वरणफळे शिल्लक आहेत, याची मावशींनी नोंद घ्यावी. (वय 81)
— नारायण बाग, इंदूर

काका, नोंद घेतली. वरणफळांचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं.

कणकेची पोळी लाटायची, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे, उकळत्या वरणात सोडायचे, वर तुपाची धार. माझी आई त्याला चकोल्या म्हणायची. आता तिबेटी घरात थेंथुक करतात ते ऐका: कणीक मळायची, पट्टी ओढायची, हाताने तुकडे तोडून उकळत्या रश्श्यात टाकायचे. वरणाच्या जागी मांसाचा किंवा भाजीचा रस्सा, तूप नाही, एवढाच फरक. छोटे मोमो रश्श्यात सोडतात त्याला ते मोथुक म्हणतात. आणि आपले बाफले? कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग भाजायचे, मग डाळीत चुरायचे. मालव्यात आल्यावर आपण मराठी माणसांनी ते कुठे नाकारले? तुमच्या घरी कुणाच्या बारशाला डाळ-बाफले झाले नसतील तर मी हे पान बंद करते.

आता एक कबुली. त्या दार्जिलिंगच्या मुलाने माझ्या ओट्यावरचा जिरावन मसाल्याचा डबा उघडून वास घेतला आणि चिमूटभर सरळ मोमोच्या चटणीत टाकला. मला वाटलं आता बिघडलं. बिघडलं नाही. पोह्यांवर घालता तसं या वाटीवरही भुरभुरून बघा. नातवंडांकडून करून घ्या म्हणजे तुम्ही केलं असं होणार नाही.

मी भंवरकुआंला रूमवर राहतो. इंडक्शन आणि एक भांडं आहे. दोन मिनिटांच्या नूडल्स घेऊन, मसाल्याचं पाकीट न घालता, असं काही करता येईल का?
— मूळचा बऱ्हाणपूरचा, सध्या इंदूर

येईल. त्या शेवया कारखान्यातच वाफवून तेलात तळलेल्या असतात, म्हणून लवकर शिजतात. ही युक्ती जपानच्या मोमोफुकु आंदो यांची, 1958 सालची. (त्यांच्या नावात मोमो आहे, पण त्या मोमोचा आणि या मोमोचा काही संबंध नाही.) तळलेल्या असल्याने त्या सॉसमध्ये झटकन मऊ पडतात. म्हणून दीड मिनिटातच काढ. एकच भांडं आहे तर आधी कोबी आणि दोन अंडी परतून ताटलीत काढून ठेव, मग त्याच भांड्यात शेवया. मसाल्याचं पाकीट फेकू नकोस, चिमूटभर सोया सॉसमध्ये टाक. कोण बघतंय.

मोमोचं सारण नि नूडल्स दुसऱ्या दिवशी डब्यात नेता येतील का?
— विजयनगर, इंदूर

सारण येईल, नूडल्स नाहीत. नूडल्स रात्रभर सॉस पितात आणि सकाळी फुगून बसतात. सारण रात्रीच फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी परतून पोळीत गुंडाळा किंवा त्याचे पराठे लाटा. पराठ्यासाठी ते अगदी कोरडं हवं, म्हणून सॉस न लागलेलं वेगळं काढून ठेवा.

आणि ही नूडल्सची कृती छापण्याआधीच ज्या घरी कळवली होती, तिथलं हे एक पोस्टकार्ड, पेन्सिलीने लिहिलेलं, त्यावर तेलाचा डागही आहे:

मावशी आजी, आईने तुमचं केलं. छान होतं. पण त्यात मोमो नाहीत तर मोमो का म्हणायचं?
— इयत्ता चौथी

नको म्हणूस. ज्याने मला शिकवलं त्याच्याकडेही नाव नव्हतं. तू एक ठेव आणि मला कळव, मी पुढच्या अंकात तेच छापते. फक्त या वेळी पत्ता शाईने लिही, पेन्सिल पुसली गेली होती आणि पोस्टमनने कार्ड दोन दिवस शेजारच्या जोशींकडे ठेवलं होतं.